रिपॉझिटरीतील चाव्या आणि बाहेरून येणारा कोड : सीमाभागातील लहान सॉफ्टवेअर गटांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पतसंस्था, शाळा, दवाखाने आणि उद्यमबागेतील फौंड्र्या यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे बहुतेक गट दोन-चार जणांचे असतात. कोड लिहिणारा, सर्व्हर सांभाळणारा आणि संस्थेच्या सचिवांचा फोन घेणारा माणूस बहुधा एकच असतो, त्यामुळे सुरक्षेसाठी वेगळा माणूस नेमण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही पिग्मी एजंट दारोदार फिरून गोळा केलेली रक्कम ज्या अ‍ॅपमध्ये नोंदवतो, ते अ‍ॅप याच दोन-चार जणांनी लिहिलेले असते आणि त्यामागे भाजीविक्रेत्यापासून निवृत्त शिक्षकापर्यंत अनेकांची बचत असते. अशा गटांना बाहेरची मदत न घेता करता येतील तेवढीच कामे येथे मांडली आहेत.

या लेखात ‘चावी’ हा शब्द पासवर्ड, एपीआय की, टोकन, डेटाबेसच्या जोडणीची ओळ आणि एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर प्रवेशाची) खासगी की या सर्वांसाठी वापरला आहे. आपल्या रिपॉझिटरीतून (कोड आणि त्यातील बदलांचा इतिहास ठेवण्याच्या जागेतून) चावी बाहेर जाणे आणि पॅकेजच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्याच्या) रूपाने परका कोड आत येणे हे दोन धोके वेगवेगळे समजले जातात. प्रत्यक्षात ते एकाच साखळीचे दुवे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या, भांडारात पसरलेल्या ‘शाय-हुलुद’ या किड्याने (स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) हे स्पष्ट केले. दूषित पॅकेज एखाद्या विकसकाच्या संगणकावर चालले की ते तेथील चाव्या शोधत असे, त्या चोरून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकत असे आणि त्यांत एनपीएमचे टोकन सापडले तर त्या विकसकाची इतर पॅकेजेसही दूषित करून पुन्हा प्रसिद्ध करत असे. म्हणून चावी लपवण्यावर जेवढा भर दिला जातो, त्याहून अधिक भर तिची ताकद आणि तिचे आयुष्य कमी करण्यावर द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

चावी फुटल्यानंतरचा पहिला तास

काही वर्षांपूर्वी आमच्याच गटात अशी घटना घडली. एका शिकाऊ सहकाऱ्याने मुलाखतीत दाखवण्यासाठी एका संस्थेचे काम स्वतःच्या सार्वजनिक खात्यावर चढवले आणि त्यातील मांडणीच्या फाइलमध्ये ई-मेल पाठवणाऱ्या सेवेची चावी होती. लक्षात येताच आम्ही ती फाइल काढून टाकली, नवा कमिट (बदलाची नोंद) केला आणि प्रश्न मिटला असे समजून घरी गेलो. पुढचे दोन दिवस त्या चावीने परक्या लोकांना जाहिरातींची पत्रे जात राहिली, आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्या संस्थेच्या खऱ्या पावत्या सभासदांच्या स्पॅममध्ये पडत होत्या. चूक त्या मुलाची नव्हती. चालू सेवेची खरी चावी शिकाऊ माणसाच्या हाती देणारे आणि ती फुटल्यावर बदलायची असते हे न उमगलेले आम्ही होतो.

गिट या कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनाची रचनाच अशी आहे की प्रत्येक कमिटमध्ये त्या क्षणाचे संपूर्ण चित्र जपले जाते. आज फाइल पुसली तरी कालच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते आणि रिपॉझिटरीची प्रत घेणाऱ्या कोणालाही ती पाहता येते. सार्वजनिक गिटहबवर नव्या कमिटमधील चाव्या टिपणारे यांत्रिक शोधक अहोरात्र चालू असतात, त्यामुळे फुटलेली चावी काही मिनिटांत इतरांच्या हाती गेली असे गृहीत धरूनच काम सुरू करावे.

पहिले काम चावी रद्द करण्याचे. इतिहास साफ करणे, सहकाऱ्यांना कळवणे, कारण शोधणे ही सर्व त्यानंतरची कामे आहेत. सेवा बंद पडेल या भीतीने येथे वेळ दवडला जातो. म्हणून ज्या सेवा एकाच वेळी दोन चाव्या चालू ठेवू देतात त्यांचा उपयोग करून घ्यावा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये एका वापरकर्त्याला दोन चाव्या ठेवता येतात. नवी तयार करावी, सर्व्हरवर बसवावी, जुनी लगेच निष्क्रिय करावी, आणि सर्व काही सुरळीत चालते याची खात्री झाल्यावर ती पुसून टाकावी. चावीमागील अधिकार मोठे असतील, म्हणजे तिने पैसे हलवता येत असतील किंवा ठेवीदारांची यादी उतरवता येत असेल, तर सेवा अर्धा तास बंद राहिली तरी चालेल, पण जुनी चावी आधी मारावी.

त्यानंतर त्या चावीने काय काय झाले ते पाहावे. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडट्रेलमध्ये व्यवस्थापनाशी संबंधित घडामोडींचा मागील ९० दिवसांचा इतिहास आपोआप मिळतो. डेटाबेसची चावी असेल तर अनोळखी पत्त्यांवरून झालेल्या जोडण्या शोधाव्यात. चोराने स्वतःसाठी नवा वापरकर्ता किंवा दुसरी चावी तयार केली आहे का, हे आवर्जून तपासावे, कारण तसे झाले असेल तर पहिली चावी रद्द करून काहीच साधत नाही.

इतिहासाची सफाई सर्वांत शेवटी करावी. त्यासाठी ‘गिट फिल्टर-रेपो’ किंवा ‘बीएफजी’ ही साधने आहेत. मात्र गिटहबवर कोणी आधीच फोर्क (स्वतःच्या खात्यावर प्रत) केला असेल तर त्यात जुना कमिट शिल्लक राहतो, आणि कमिटचा क्रमांक ठाऊक असणाऱ्याला तो थेट उघडूनही पाहता येऊ शकतो. चावी मेलेली असेल तर या सफाईचे महत्त्व फारच थोडे उरते. ग्राहकांची नावे किंवा खातेक्रमांक अशी माहिती बाहेर गेली असेल तर मात्र ती रद्द करता येत नाही. तेथे सफाई करावी, गिटहबच्या मदतकक्षाला लिहावे आणि संस्थेला त्याच दिवशी लेखी कळवावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व सरकारी संस्था यांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळवणे बंधनकारक आहे. हे ६ तास सचिवांचा फोन लागण्याची वाट पाहण्यात संपून जातात, म्हणून कोणी कळवायचे हे आधीच ठरवून ठेवावे.

चावी रिपॉझिटरीत पोहोचूच नये म्हणून

‘आमची रिपॉझिटरी खासगी आहे’ या समजुतीवर विसंबू नये. २०१६ मध्ये उबरच्या खासगी रिपॉझिटरीत शिरलेल्या हल्लेखोरांना तेथे क्लाउडची चावी मिळाली आणि तिच्या आधारे ५ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती त्यांच्या हाती गेली. टोयोटाचे उदाहरण आपल्यासारख्या कंत्राटी गटांच्या अधिक जवळचे आहे. टी-कनेक्ट या सेवेच्या कोडचा काही भाग कंत्राटदाराकडून डिसेंबर २०१७ मध्ये चुकून गिटहबवर सार्वजनिक झाला, त्यात डेटा सर्व्हरची चावी होती, आणि ही गोष्ट सप्टेंबर २०२२ मध्ये उघडकीस आली. तोपर्यंत २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते उघडे पडण्याच्या स्थितीत होते. जवळपास पाच वर्षे ती चावी कोणीही बदलली नव्हती, ही त्यातील मला सर्वांत गंभीर वाटणारी बाब.

सुरुवात आहे त्या रिपॉझिटरी तपासण्यापासून करावी. ‘गिटलीक्स’ आणि ‘ट्रफलहॉग’ ही दोन्ही साधने मोफत आहेत आणि ती आजच्या फाइलींबरोबर संपूर्ण इतिहास चाळतात. ट्रफलहॉग सापडलेली चावी अजून चालते का, हे अनेक सेवांच्या बाबतीत स्वतः पडताळून सांगते, त्यामुळे पहिल्याच दिवशी शेकडो सूचना हाती आल्या तरी कोणती आधी हाताळायची हे कळते. ज्या चाव्या जिवंत निघतील त्या वर सांगितलेल्या क्रमाने बदलाव्यात.

यापुढील चाव्या दोन ठिकाणी अडवाव्यात. पहिले ठिकाण विकसकाचा संगणक; कमिट होण्याआधी गिटलीक्स चालवणारा हुक (आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट) तेथे बसवावा. पण हा हुक रिपॉझिटरीबरोबर आपोआप उतरत नाही, तो प्रत्येकाला स्वतः बसवावा लागतो, आणि घाईत असलेला माणूस एका पर्यायाने त्याला वगळून पुढे जाऊ शकतो. म्हणून दुसरा अडसर सर्व्हरवर हवा. गिटहबचे ‘पुश प्रोटेक्शन’ सार्वजनिक रिपॉझिटरींसाठी विनामूल्य असून ओळखीच्या स्वरूपाची चावी आढळताच पुश (कोड सर्व्हरवर चढवणे) थांबवते. खासगी रिपॉझिटरींना ही सोय सशुल्क आहे. खर्च परवडत नसेल तर बिल्डच्या (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर बांधण्याच्या) पहिल्याच पायरीवर गिटलीक्स चालवून चावी आढळल्यास बिल्ड पाडावा. त्याने पुश थांबत नाही, पण फुटलेली चावी निदान त्याच दिवशी कळते.

चावी ठेवायची कोठे, हा प्रश्न मग उरतो. चाव्या ज्यात लिहितात त्या डॉट-एन्व्ह फाइलचे नाव डॉट-गिटइग्नोअरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) लिहावे आणि रिपॉझिटरीत केवळ रिकाम्या जागा असलेली नमुना फाइल ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर चाव्या पाठवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती पूर्णपणे बंद करून ‘बिटवॉर्डन’सारख्या पासवर्डच्या तिजोरीतून त्या द्याव्यात. विकासासाठी आणि चालू सेवेसाठी वेगळ्या चाव्या असाव्यात आणि चालू सेवेच्या चाव्या शिकाऊ सहकाऱ्याला दिसूच नयेत.

पिग्मीच्या अ‍ॅपबाबत एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. एपीके ही फाइल म्हणजे एक झिप असते आणि ती कोणालाही उघडता येते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या रिअ‍ॅक्टसारख्या रचनेतही बिल्डच्या वेळी कोडात मिसळलेली चावी पाहणाऱ्याला सहज दिसते, मग ती मूळ फाइल कितीही जपून ठेवलेली असो. डेटाबेसची किंवा पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची गुप्त चावी अ‍ॅपमध्ये कधीही घालू नये. एजंटाने स्वतःच्या खात्याने प्रवेश करावा, सर्व्हरने त्याला थोड्या तासांचे टोकन द्यावे आणि त्या टोकनाने केवळ त्याच्याच यादीतील खाती दिसावीत. मोबाइल हरवला तर नुकसान एका एजंटाच्या एका दिवसापुरते मर्यादित राहते.

परका कोड घरात घेताना

आपल्या भागातील सॉफ्टवेअरची एक खास गरज आहे. पावती कन्नडमध्येही लागते, मराठीतही आणि अनेकदा इंग्रजीतही. नावांचे लिप्यंतर हवे असते आणि रक्कम अक्षरी छापायची असते. या कामांसाठी मोठ्या, नामांकित संग्रहांत फारसे मिळत नाही, म्हणून एनपीएमवर किंवा पायपीआय या पायथनच्या भांडारात शोधून कोणा अनोळखी व्यक्तीने लिहिलेले, फार थोड्या लोकांनी वापरलेले छोटे पॅकेज उचलले जाते. हल्लेखोराला याहून सोपी वाट नको असते, कारण असे पॅकेज कोणी वाचत नाही. रक्कम अक्षरी लिहिण्याचे काम तर स्वतःच करावे. मराठीत शंभरापर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द असल्यामुळे शंभर शब्दांचा एक तक्ता करावा लागतो, कन्नडमध्ये संख्यांची घडण अधिक नियमित आहे. दोन्ही मिळून एका दुपारचे काम आहे आणि ते एकदा केले की वर्षानुवर्षे पुरते.

जे पॅकेज घ्यावेच लागते त्याचे नाव अक्षर न अक्षर तपासावे. एका अक्षराच्या फरकाने फसवी नावे नोंदवली जातात. कोड सुचवणारी एआय साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजची नावे आत्मविश्वासाने सांगतात आणि तीच नावे कोणी आधी नोंदवून ठेवली तर आपण थेट सापळ्यात जातो. संस्थेची स्वतःची अंतर्गत पॅकेजेस असतील तर त्यांना स्कोप (नावाआधी संस्थेची खूण) असलेले नाव द्यावे आणि तो स्कोप आपल्याच भांडाराशी बांधावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात अ‍ॅलेक्स बिर्सन या संशोधकाने मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजेसची नावे सार्वजनिक भांडारात नोंदवली आणि अ‍ॅपल व मायक्रोसॉफ्टसह ३५ हून अधिक संस्थांच्या यंत्रणांनी त्याचाच कोड उतरवून चालवला, हे त्याने दाखवून दिले.

आता आवृत्त्यांकडे वळू. लॉकफाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) रिपॉझिटरीत कमिट करावी आणि सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरावे, कारण ती आज्ञा लॉकफाइलमध्ये आहे तेच बसवते आणि तफावत आढळल्यास थांबते. पायथनमध्ये हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) सक्तीचे करण्याचा पर्याय पिपमध्ये आहे. पॅकेज बसताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद कराव्यात. पीएनपीएम या एनपीएमला पर्यायी साधनाच्या दहाव्या आवृत्तीपासून त्या आधीच बंद असतात आणि एनपीएममध्ये त्या पर्यायाने बंद करता येतात. काही थोड्या पॅकेजेसना त्यांची खरोखर गरज असते, तेवढ्यांना नावानिशी परवानगी द्यावी.

माझ्या मते लहान गटाला सर्वाधिक फायदा देणारा उपाय म्हणजे थांबणे. ८ सप्टेंबर २०२५ रोजी ‘चॉक’ आणि ‘डीबग’ यांसह १८ पॅकेजेस दूषित झाली. त्यांचे डाउनलोड आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक होते, आणि हे सर्व देखभालकर्त्याला आलेल्या एका बनावट ई-मेलमुळे घडले, ज्यात द्विस्तरीय पडताळणी अद्ययावत करण्यास सांगितले होते. दूषित आवृत्त्या सुमारे दोन तासांत काढल्या गेल्या. नवी आवृत्ती सात दिवस जुनी झाल्याखेरीज घ्यायचीच नाही असा नियम ज्यांनी केला होता, त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. पीएनपीएममध्ये प्रसिद्धीनंतरचे किमान वय मिनिटांत ठरवता येते. सात दिवसांसाठी १०,०८० लिहावे. नव्या आवृत्त्या सुचवणाऱ्या गिटहबच्या डिपेंडाबॉटमध्येही अशी प्रतीक्षा लावता येते आणि ती सुरक्षेच्या दुरुस्त्यांना लागू होत नाही, हे योग्यच आहे, कारण ज्ञात छिद्र बुजवणारी आवृत्ती सात दिवस अडवून ठेवणे हा वेगळा धोका आहे.

प्रतीक्षा सर्वत्र पुरत नाही, हेही तेवढेच खरे. एक्सझेड या संपीडन साधनाच्या बाबतीत ‘जिया टॅन’ हे नाव घेतलेल्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट बसवली. एसएसएचने प्रवेश करताना साधारण अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचा पाठपुरावा केल्यामुळे आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली आणि २९ मार्च २०२४ रोजी जाहीर झाली. चोरवाट चालू करणारा भाग गिटमधील कोडात नव्हता, वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. अशा हल्ल्यापुढे लहान गटाच्या हाती दोनच गोष्टी असतात : स्थिर आवृत्तीची लिनक्स वितरणे वापरणे आणि आपल्या कोणत्या सर्व्हरवर कोणते पॅकेज आहे याची यादी तयार ठेवणे, म्हणजे बातमी आल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.

बिल्ड आणि गिटहब अ‍ॅक्शन्स

ज्या ठिकाणी बिल्ड होतो (गिटहबवर ही सोय ‘अ‍ॅक्शन्स’ या नावाने मिळते आणि त्यातील तयार पायरीलाही अ‍ॅक्शन म्हणतात) तेथे सर्व चाव्या एकत्र येतात, म्हणून हल्लेखोराचे लक्ष तेथे अधिक असते. २०२१ मध्ये कोडकोव्ह या कोडच्या चाचण्यांचे मोजमाप करणाऱ्या सेवेची अपलोड करणारी स्क्रिप्ट बदलली गेली आणि ३१ जानेवारीपासून १ एप्रिलला ते लक्षात येईपर्यंत ग्राहकांच्या बिल्डमधील चाव्या बाहेर जात होत्या. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ची ‘चेंज्ड-फाइल्स’ ही अ‍ॅक्शन दूषित झाली. ती २३,००० हून अधिक रिपॉझिटरींत वापरात होती. हल्लेखोराने जुन्या आवृत्त्यांचे टॅग (आवृत्ती दाखवणाऱ्या खुणा) उचलून दूषित कमिटवर नेऊन ठेवले, त्यामुळे ‘आम्ही ठरावीक आवृत्तीच वापरतो’ असे म्हणणाऱ्यांच्या चाव्याही बिल्डच्या लॉगमध्ये छापल्या गेल्या.

टॅग हलवता येतो, कमिटचा पूर्ण हॅश हलवता येत नाही. म्हणून प्रत्येक परकी अ‍ॅक्शन ४० अक्षरांच्या पूर्ण हॅशने बांधावी आणि शेजारी शेऱ्यात आवृत्ती लिहावी. बिल्डच्या टोकनाला मुळात केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा आणि लिहिण्याचा अधिकार ज्या कामाला लागतो तेवढ्याच कामाला वाढवून द्यावा. बाहेरच्या फोर्कमधून आलेल्या पुल रिक्वेस्टचा (बदल सामावून घेण्याच्या विनंतीचा) कोड, चाव्या उपलब्ध असलेल्या बिल्डमध्ये कधीही चालवू नये. क्लाउडवर चढवण्यासाठी कायमची चावी साठवण्याऐवजी ओआयडीसीची जोडणी करावी. गिटहब प्रत्येक बिल्डला ओळखपत्र देते, क्लाउड ते तपासून थोड्या वेळाची चावी देतो आणि बिल्ड संपल्यावर काही वेळाने ती आपोआप मरते. ही मांडणी पहिल्यांदा किचकट वाटते आणि एक दिवस खाते, पण त्यानंतर चोरण्यासारखे फारसे काही उरतच नाही.

माणसे आणि खाती

आपल्याकडील मुले दोन वर्षे येथे काम करून पुणे-बंगळूरला जातात, आणि त्यांच्या वैयक्तिक खात्यावर उभी राहिलेली रिपॉझिटरी त्यांच्याबरोबर जाते किंवा त्यांचा प्रवेश इथल्या रिपॉझिटरीत तसाच राहतो. रिपॉझिटरी पहिल्या दिवसापासून संस्थात्मक खात्यावर असावी, मालकीचे अधिकार किमान दोन व्यक्तींकडे असावेत, आणि माणूस गेला त्याच दिवशी त्याचा प्रवेश काढून त्याला माहीत असलेल्या सामायिक चाव्या बदलाव्यात. यात अविश्वासाचा भाग नाही. त्याचा जुना लॅपटॉप उद्या कोणाच्या हाती जाईल हे त्यालाही ठाऊक नसते. सर्वांनी पासकी किंवा हार्डवेअर चावी वापरावी, कारण एसएमएसने येणारा अंक बनावट पानावर टाइप करून घेता येतो. मुख्य शाखेवर थेट पुश बंद करावे आणि बिल्डच्या फाइली व लॉकफाइल यांतील बदलांना दुसऱ्या व्यक्तीची मान्यता सक्तीची करावी. गटात दुसरी व्यक्तीच नसेल तर रात्री लिहिलेला बदल सकाळी स्वतः वाचून मगच मुख्य शाखेत घ्यावा.

शेवटी एक कागद तयार करावा. त्यावर प्रत्येक चावीचे नाव, ती कोणत्या सेवेची आहे, कोठे वापरली जाते, तिने काय करता येते, शेवटी केव्हा बदलली आणि ती रद्द करण्याचे पान कोणते, एवढे लिहावे. चावी स्वतः लिहू नये. सेवेची खाती संस्थेच्या नावाने असतील तर सचिवांना कळेल अशा भाषेत, म्हणजे जेथे गरज असेल तेथे कन्नड आणि मराठी दोन्हींत, रद्द करण्याच्या पायऱ्या त्याच कागदावर असाव्यात. मग दर तीन महिन्यांनी त्यातील एक चावी निवडावी आणि ती फुटली आहे असे समजून घड्याळ लावून बदलावी. आमच्या पहिल्या अशा सरावाला चार तास लागले होते, कारण तीच चावी एका विसरलेल्या क्रॉनच्या (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या) कामातही होती आणि ते कागदावर नव्हते. आता ते काम कागदावर आहे आणि तीच चावी वीस मिनिटांत बदलते.